गादी आणि सनद

व्यापारी घरातील मुलाने किंवा मुलीने कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला की घरात पहिला उद्गार निघतो तो ‘आता घरचाच वकील झाला’ असा. वाशीच्या दाणाबाजारात वा मसाला बाजारात पेढी असणाऱ्या कुटुंबाला वकिलाची गरज तशी पावलोपावली असते. परत आलेला धनादेश, अडकलेली उधारी, गाळ्याचे हस्तांतरण, वस्तू व सेवा कराची नोटीस, भावाभावांतील वाटणी. धनादेश न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची, पंधरा दिवस वाट पाहायची आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत तक्रार दाखल करायची, हे गणित बाजारातील बहुतेकांना पाठ असते. कारण एखादी मुदत हुकल्याने रक्कम बुडाल्याची उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतात. अशा घरात मुलगी वा मुलगा वकील होणार म्हणजे सकाळी न्यायालय आणि दुपारनंतर गादी, असे चित्र वडीलधाऱ्यांच्या मनात सहज उभे राहते.

वकिली व्यवसायाच्या नियमांत मात्र हे चित्र बसत नाही. वकील कायदा १९६१ सालचा. त्याखाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या आचारनियमांनुसार सनद धारण करणाऱ्या वकिलाला स्वतः कोणताही व्यापार करता येत नाही. भागीदारी संस्थेत तो निष्क्रिय भागीदार राहू शकतो, तेही त्या धंद्याचे स्वरूप वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक नसेल तर. कंपनीत संचालक किंवा संचालक मंडळाचा अध्यक्ष होता येते, पण कार्यकारी स्वरूपाचे काम अंगावर घेता येत नाही. व्यवस्थापकीय संचालक वा कंपनी सचिव होता येत नाही. पूर्ण वेळ पगारी नोकरीही चालत नाही. आणि या मासिकाच्या वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम वारशाने आलेल्या धंद्याविषयीचा आहे. कौटुंबिक व्यवसाय वारसाहक्काने वकिलाकडे आला तर त्यातील हिस्सा त्याला ठेवता येतो, परंतु त्याच्या कारभारात जातीने भाग घेता येत नाही. म्हणजे नफ्यातील वाटा घरी येईल, पण गल्ल्यावर बसणे, माल खरेदी करणे, दलालाशी भाव ठरवणे हे सनद हाती असेपर्यंत वर्ज्य.

हा नियम कागदावरचा नाही, याचा दाखला मुंबईतच आहे. डॉ. हनिराज चुलानी हे शल्यचिकित्सक. त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वैद्यकी चालू ठेवून वकिलीची सनद मागितली. महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेने ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९६ साली न्यायालयाने परिषदेची बाजू उचलून धरली. वकिली हा पूर्ण वेळ, पूर्ण लक्ष मागणारा व्यवसाय आहे, दुसऱ्या व्यवसायाच्या जोडीने तो करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. वैद्यकीसारख्या सन्मान्य व्यवसायाला जे लागू झाले ते किराणा वा कापडाच्या पेढीला लागू होणार नाही, अशी आशा कोणी बाळगू नये.

शिवाय ‘घरचा वकील’ ही कल्पनाही तपासून पाहण्यासारखी आहे. ज्या प्रकरणात स्वतःचा आर्थिक हितसंबंध गुंतला आहे त्यात वकिलाने काम चालवू नये, ज्या कंपनीचा तो संचालक आहे तिचे वकीलपत्र घेऊ नये आणि ज्या खटल्यात साक्ष द्यावी लागण्याचा संभव आहे तो स्वीकारू नये, असे नियम आहेत. पेढीत ज्याचा वाटा आहे त्यानेच पेढीच्या उधारीचा दावा चालवणे म्हणूनच अडचणीचे. घरच्या माणसाने योग्य वकील निवडून द्यावा, कागद वाचून धोका दाखवावा, वेळीच सावध करावे. इतके झाले तरी त्याच्या शिक्षणाचे मोल वसूल होते.

मग प्रश्न उरतो तो असा की, कायद्याच्या शिक्षणानंतर मुलाने नेमके काय व्हायचे, हे कोण ठरवणार आणि कधी. हा निर्णय पदवी हाती आल्यावर घाईने घेण्याचा नाही. तीन वा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तो हळूहळू पिकावा लागतो, आणि चांगल्या विधी महाविद्यालयाची परीक्षा येथेच होते.

नवी मुंबईत आज या शिक्षणासाठी हार्बर मार्गाने फोर्टपर्यंत जाण्याची गरज राहिलेली नाही. नेरूळला डॉ. डी. वाय. पाटील यांच्या नावाची संस्था आहे, खारघरला नरसी मोनजी विद्यापीठाचे विधी विद्यालय आहे, आणि कळंबोलीला के.एल.ई. संस्थेचे विधी महाविद्यालय आहे. ही मातृसंस्था १९१६ साली बेळगावात शिक्षकांनी उभी केली. शहराचा भोवतालही कायद्याच्या विद्यार्थ्याला मोठा उपयोगाचा. बेलापूरला न्यायालय आणि कोकण भवन आहे. येथील जमीन बहुतांशी सिडकोच्या भाडेपट्ट्याची असल्याने साध्या सदनिकेच्या व्यवहारातही सिडकोची परवानगी, हस्तांतरण शुल्क, गहाणखतासाठी ना-हरकत असे कागद लागतात. प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांची कागदपत्रे वाचणे हे तर एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरामुळे सीमाशुल्क आणि आयात-निर्यातीचे काम आले. बाजार समितीतील आडते आणि शेतकरी यांचे वाद निराळेच. शिकण्याची साधने अशी दाराशी आहेत. त्यांचा उपयोग विद्यार्थी करतो की नाही, हे पाहणारे कोणी हवे.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या शिक्षणविषयक नियमांनी महाविद्यालयांवर काही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. पालकांना त्यांची माहिती सहसा नसते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे इंटर्नशिप, आवश्यक आहे. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू नये. स्वयंसेवी संस्था, वकील, न्यायाधीश, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था असे अनेक पर्याय आहेत. परंतु खालच्या न्यायालयात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी गेलेच पाहिजे. रोजच्या कामाची रोजनिशी ठेवायची, ती मार्गदर्शकाने आणि महाविद्यालयातील प्राध्यापकाने तपासायची. याखेरीज एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष न्यायालयात बसून पाहायचे व त्यांची टिपणे लिहायची. वकील पक्षकाराशी कसा बोलतो, त्याच्याकडून हकिकत कशी काढून घेतो, हे दोन वेळा समोर बसून पाहायचे. दाव्याचे कागद कसे तयार होतात, कोठे दाखल होतात, हेही पाहायचे. अभिरूप न्यायालयात, म्हणजे मूट कोर्टात, उभे राहून युक्तिवाद करायचा. या साऱ्याला मिळून शंभर गुण आहेत.

जुन्या पेढ्यांवरील शिक्षणाची ज्यांना आठवण आहे त्यांना यात काही नवे वाटणार नाही. मुनीमजींच्या शेजारी मुलगा वर्षानुवर्षे बसे. आधी टपाल लावणे, मग रोजमेळ, मग खतावणी, आणि कितीतरी काळानंतर ग्राहकाशी बोलणे. चूक झाली तर ती त्याच संध्याकाळी मेळ जमताना उघडी पडे. इंटर्नशिपची रोजनिशी हा वकिलीतील रोजमेळच होय. आज कोणता कागद वाचला, कोणत्या न्यायालयात बसलो, तारीख का पडली, पक्षकार काय लपवत होता, ही नोंद प्रामाणिकपणे ठेवणारा विद्यार्थी आणि शेवटच्या आठवड्यात मित्राची वही उतरवून काढणारा विद्यार्थी यांच्या गुणपत्रिका कदाचित सारख्या दिसतील, पण पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला दोघांची उत्तरे सारखी असणार नाहीत.

येथे समाजाच्या एका दोषाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ओळखीच्या वकिलाला वडिलांनी फोन करायचा आणि मुलाने एक दिवसही न जाता सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र आणायचे, ही पद्धत पुष्कळ घरांत चालते आणि तिला मदत असे गोड नाव दिले जाते. पेढीवर खोटा जमाखर्च लिहिणाऱ्या गुमास्त्याला जे शेठ घरी पाठवतील, तेच शेठ मुलासाठी खोटे प्रमाणपत्र मागतात, हे चमत्कारिक नव्हे काय? ओळख जरूर वापरावी. ती चांगल्या वकिलाच्या कार्यालयात जागा मिळवण्यासाठी, तेथे न जाण्यासाठी नव्हे.

नियम सर्वांना एकच असला तरी विद्यार्थी एकसारखे नसतात. एखाद्याला उभे राहून बोलण्याची हौस असते. एखादीला चार पानांचा करार वाचून त्यातील एका शब्दातला धोका नेमका सापडतो, पण बोलताना तिचा आवाज अडतो. तिसऱ्याला माणसे समेटावर आणण्याची कला असते. आजोबांनी बाजारातील कितीतरी तंटे चहाच्या कपावर मिटवलेले त्याने पाहिलेले असतात. पहिल्याने न्यायालयाकडे जावे, दुसरीने दस्तऐवज आणि कंपनी कायद्याकडे, तिसऱ्याने लवाद आणि मध्यस्थीकडे. मूट कोर्टाच्या चषकांना महाविद्यालये जरा फाजील महत्त्व देतात आणि त्यामुळे न बोलणारी, पण उत्तम लिहिणारी मुले स्वतःला कमी समजू लागतात. खरा मार्गदर्शक प्राध्यापक तो, जो प्रत्येक सत्राअखेर विद्यार्थ्याला समोर बसवून त्याची रोजनिशी वाचतो, त्याने लिहिलेल्या वादपत्रावर लाल शाईने खुणा करतो आणि पुढची इंटर्नशिप कोठे करावी हे त्याच्या स्वभावाप्रमाणे सुचवतो. मार्गदर्शकाचे नाव सूचनाफलकावर लावणे सोपे आहे. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी आहेत आणि ते वर्षातून किती वेळा भेटतात, हे प्रवेशाच्या वेळी विचारणारा पालक मात्र विरळा.

हा विचार आता जगभर रुजतो आहे. अमेरिकेत कार्नेगी प्रतिष्ठानाच्या २००७ च्या अहवालाने तेथील विधी विद्यालयांना दाखवून दिले की ती कायद्याने विचार करायला उत्तम शिकवतात, पण प्रत्यक्ष काम आणि व्यवसायाची नीती या बाबतीत कमी पडतात. २०२२ मध्ये अमेरिकी बार असोसिएशनने आपल्या मानकांत बदल करून विद्यार्थ्याची वकील म्हणून स्वतःची ओळख घडण्यास भरपूर संधी देणे विद्यालयांवर बंधनकारक केले. आपल्याकडे वकिलाच्या चेंबरमध्ये ज्येष्ठांच्या हाताखाली उमेदवारी करण्याची परंपरा जुनीच आहे.

नवी मुंबईतील जैन मुलांपुढची एक अडचण खास त्यांची आहे, ती भाषेची. घरी गुजराती, मारवाडी किंवा कच्छी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि मराठी केवळ बाजारापुरती. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते हे खरे. पण तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठीचे स्थान मोठे आहे, आणि नवशिक्या वकिलाची सुरुवात तेथेच होते. सातबाराचा उतारा, फेरफार नोंद, पंचनामा, जबाब हे सारे मराठीत. वादपत्र, कैफियत, पुरसीस, मनाई हुकूम, दरखास्त, हुकूमनामा या शब्दांना पाठ्यपुस्तकात मिळते त्याहून अधिक वजन बेलापूरच्या न्यायालयात असते. महाविद्यालयाने मराठी मसुदालेखनाचा तास ठेवला असेल तर उत्तमच. नसेल तर घरच्यांनी एखाद्या निवृत्त शिरस्तेदाराकडे किंवा जुन्या वकिलाकडे मुलाला सहा महिने पाठवावे.

भाषा शिकण्याच्या बाबतीत समाजाच्या इतिहासात एक थोर उदाहरण आहे. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेतील प्रतिनिधी म्हणून वीरचंद राघवजी गांधी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे कायद्याचे काम मात्र विस्मरणात गेले आहे. महुव्यात १८६४ साली जन्मलेले वीरचंदभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पदवीधर. १८८५ मध्ये जैन असोसिएशनचे मानद मंत्री झाले आणि मुंबईतील सॉलिसिटरांच्या कार्यालयात त्यांनी उमेदवारी केली. पालिताण्याच्या यात्रेकरूंवरील कराचा वाद चिघळलेला होता. त्यांच्या प्रयत्नांतून १८८६ साली यात्रेकरूंकडून कर वसूल करण्याऐवजी वर्षाला पंधरा हजार रुपये देण्याची तडजोड चाळीस वर्षांसाठी झाली. पुढे सम्मेतशिखरजीच्या परिसरात डुकरांच्या चरबीचा कारखाना निघाला तेव्हा ते कलकत्त्याला गेले, तेथे कित्येक महिने राहिले आणि जुनी कागदपत्रे स्वतः वाचता यावीत म्हणून बंगाली शिकले. एका प्रकरणासाठी एक भाषा! विलायतेत ते बॅरिस्टर झाले, आणि १९०१ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. दक्षिण महाराष्ट्रातील अण्णासाहेब लठ्ठे यांचेही नाव येथे घ्यावे लागेल. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यात अग्रेसर असणारे हे वकील कोल्हापूरचे दिवाण, १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री आणि राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्रकार झाले.

व्यवसायनीती हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा आहे आणि त्याच्या नावातच व्यावसायिक हिशेबपद्धतीचा समावेश आहे. पक्षकाराने दिलेल्या पैशाचा स्वतंत्र हिशेब वकिलाने ठेवावा, फी आणि खर्चासाठीची रक्कम वेगळी दाखवावी, असे नियम सांगतात. चोपडापूजन करणाऱ्या घरातील मुलांना हा विषय अवघड जाऊ नये. बाकी काही बाबतींत मात्र व्यापारी संस्कार बाजूला ठेवावे लागतात. वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता अशी ठरावीक माहिती देण्याची मुभा आहे, तेवढीच. खटला जिंकल्यास अमुक टक्के, असा ठराव करता येत नाही. जो दावा आपण चालवतो त्याच्या खर्चासाठी पक्षकाराला पैसे उसने देता येत नाहीत. उधारीवर माल देऊन ग्राहक बांधणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला हे सारे सुरुवातीला विचित्र वाटते.

धर्माची शिकवण येथे उपयोगी पडते. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे, यांची गणना आहे; खोटा उपदेश करणे आणि दुसऱ्याचे गुपित फोडणे हेही त्यांत येते. पक्षकाराने सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करू नये, हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. त्यापूर्वी तो १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. पाठशाळेत जे पाठ केले त्याचा अर्थ काही मुलांना विधी महाविद्यालयात उमगतो.

या मार्गावरचा आर्थिक भाग पालकांनी डोळसपणे पाहावा. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी होते. नोंदणीसाठी सर्वसाधारण उमेदवाराकडून साडेसातशे रुपयांहून अधिक शुल्क घेऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. अखिल भारतीय बार परीक्षा २०११ पासून सुरू आहे आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. न्यायाधीश होण्याची इच्छा असेल तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. पदवी मिळताच परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश होण्याची वाट त्यामुळे बंद झाली, आणि अनेक घरांतील मुलींच्या विवाहाचे व करिअरचे हिशेब नव्याने मांडावे लागले. नवोदित वकिलांना शहरी भागात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. पण शिफारस ही शिफारसच असते. पहिल्या तीन-चार वर्षांत घरूनच पैसे द्यावे लागतील, असे धरून चालावे. दुकान उघडल्यावरही पहिली काही वर्षे भांडवलच खावे लागते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की येथे ते भांडवल म्हणजे मुलाचा धीर असतो, आणि ‘अजून कमाई नाही?’ हा जेवताना विचारलेला प्रश्न त्याला फार झपाट्याने संपवतो.

ज्याला व्यवसायाच्या कारभारातच राहायचे आहे त्याच्यासाठीही कायद्याची पदवी निरुपयोगी नाही. सनद न घेता तो पेढीत वा कंपनीत विधी अधिकारी म्हणून काम करू शकतो, करार तपासू शकतो, वकिलांना माहिती पुरवू शकतो. सनद घेतलेल्याने पुढे नोकरी पत्करली तर परिषदेला कळवून ती स्थगित ठेवता येते. सनद घ्यायचीच असेल तर नोंदणीचा अर्ज भरण्यापूर्वी घरातील भागीदारीपत्र सनदी लेखापालासमोर ठेवावे. मुलाचे नाव कार्यरत भागीदार म्हणून असल्यास ते बदलून निष्क्रिय भागीदार करावे लागेल. आयकराच्या दृष्टीने भागीदाराचे वेतन हे केवळ कार्यरत भागीदाराला देता येते, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त नफ्यातील हिस्सा आणि भांडवलावरील व्याज राहील. बँक खात्यावरील सहीचे अधिकार, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतील अधिकृत व्यक्तीचे नाव, बाजार समितीच्या परवान्यावरील नाव, हेही त्याच वेळी तपासून बदलून घ्यावे.